स्त्रियांचे आरोग्य आणि समाजाचे दातृत्व : एक ऐतिहासिक मागोवा

जैन आचारधर्मात दानाचे चार प्रकार सांगितलेले आहेत : आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. यांपैकी आहारदान व ज्ञानदान यांच्या खुणा प्रत्येक गावी दिसतात. भोजनशाळा आहेत, पाठशाळा आहेत, विद्यार्थी वसतिगृहे आहेत. औषधदानाच्या नावाने धर्मार्थ दवाखाने निघाले. अभयदानाचा, म्हणजे जीवाला भयमुक्त करण्याचा, विचार मात्र आपल्या पूर्वजांनी प्रामुख्याने मुक्या प्राण्यांच्या बाबतीत केला. मुंबईचा पांजरापोळ १८३४ साली सुरू झाला. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्यासमवेत शेठ मोतीशा अमीचंद यांचे नाव त्या कार्याशी कायमचे जोडले गेले आहे. पांजरापोळासाठी व्यापारी मालावर ठराविक लागा आकारण्याची पद्धत पश्चिम भारतातील महाजनांत रूढ होती. गाठोड्यामागे काही पैसे आपोआप बाजूला निघत. कोणाच्या मर्जीवर किंवा वर्षातून एकदा होणाऱ्या भाषणावर जनावरांचा चारा अवलंबून नसे.

याच मुंबई शहरात स्त्रियांसाठी, स्त्री डॉक्टरांच्या हाताखालील पहिले मोठे रुग्णालय उघडले ते १८८६ साली. मध्ये बावन्न वर्षे गेली. हे अंतर कोणास दोष देण्यासाठी सांगितलेले नाही. स्त्रीच्या दुखण्यास व भयास समाजाचा आधार मिळविण्याचे काम किती अवघड होते, याचे ते एक माप आहे.

अवघड का होते? पैसा नव्हता म्हणून नव्हे. व्यापाऱ्यांच्या पेढ्या त्या काळी भरभराटीत होत्या. खरी अडचण अशी की, स्त्रीचे दुखणे हे घराच्या माजघरात घडणारे आणि माजघरातच मिटणारे प्रकरण मानले जाई. परपुरुष वैद्याने नाडी पाहणेही अनेक घरांत संमत नव्हते. मग बाळंतपणाची तपासणी तर दूरच. सुईणीच्या हाताला यश असेल तर बाई वाचे, नसेल तर घर सुतकात जाई आणि वर्षभरात दुसरे लग्न होई. ज्या गोष्टीचा उच्चारच करावयाचा नाही, तिच्यासाठी वर्गणी कोण मागणार आणि कोण देणार?

महाराष्ट्रात या मौनाला पहिला मोठा धक्का दिला तो महात्मा जोतीराव फुले यांनी. १८६३ साली पुण्यात त्यांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याकडे स्वयंपाकास असलेली काशीबाई नावाची तरुण विधवा गरोदर राहिली. ज्याने फसविले तो नामानिराळा राहिला. लोकलज्जेने तिने नवजात अर्भकाचा प्राण घेतला आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. या घटनेनंतर जोतीरावांनी व सावित्रीबाईंनी स्वतःच्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवांनी येथे येऊन गुप्तपणे सुखरूप बाळंत व्हावे, अशा अर्थाच्या जाहिराती त्यांनी पुण्यात भिंतींवर लावल्या. पुढे १८८४ साली लिहिलेल्या टिपणात, आपल्या गृहात पस्तीस विधवा येऊन गेल्याचे जोतीरावांनी नमूद केले आहे.

या गृहाचा भार मुख्यतः त्या दांपत्याच्याच शिरावर होता. समाजाचा आश्रय म्हणावा तसा मिळाला नाही. तरीही स्त्रियांना आधार देण्याचे जे पहिले तत्त्व, ते या घरात पाळले गेले, आणि पुढील कित्येक श्रीमंत संस्थांना ते पाळता आले नाही : दारात आलेल्या स्त्रीला तिचा इतिहास विचारावयाचा नाही. १८७५ मध्ये पंढरपूर येथे लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने असेच बालकाश्रमाचे कार्य उभे राहिले व प्रार्थना समाजाने ते चालविले. तीर्थक्षेत्री सोडून दिल्या जाणाऱ्या विधवांची व अर्भकांची स्थिती पाहता ते स्थान अचूक निवडले होते.

आता मुंबईच्या रुग्णालयाकडे वळावे लागेल. ती हकीकत व्यापारी वाचकांनी बारकाईने पाहण्याजोगी आहे.

१८८२ साली मुंबईत जॉर्ज किट्रेज नावाचे एक अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापूरजी बंगाली हे पारशी समाजसुधारक एकत्र आले. किट्रेज यांचा मूळ व्यवसाय ट्रामचा. वैद्यकाशी त्यांचा काही संबंध नव्हता. इंग्लंडातील एका स्त्री डॉक्टरने हिंदुस्थानातील स्त्रियांच्या वैद्यकीय गरजांविषयी लिहिलेला लेख त्यांच्या वाचनात आला आणि त्यांनी निधी उभारण्याचे ठरविले. या दोघांनी केवळ इमारत बांधण्याची योजना केली असती, तर ते काम सोपे होते. त्यांची योजना चार अंगांची होती. इंग्लंडहून शिकलेल्या स्त्री डॉक्टर आणावयाच्या व त्यांच्या वेतनाची ठराविक मुदतीपर्यंत हमी द्यावयाची. त्यांच्या देखरेखीखाली स्त्रियांचे व मुलांचे रुग्णालय काढावयाचे. वस्तीत दवाखाना उघडावयाचा. आणि येथील मुलींना वैद्यकीय शिक्षणाची दारे खुली करून घ्यावयाची, म्हणजे पुढे बाहेरून कोणास आणण्याची गरजच राहू नये.

वेतनाची हमी हा या योजनेचा कणा होता. आजही कोणत्याही विश्वस्त मंडळास विचारावे. इमारतीसाठी देणगीदार मिळतो, कारण इमारतीला संगमरवरी पाटी लावता येते. परिचारिकेच्या पगाराला पाटी लावता येत नाही, म्हणून तो पगार ताळेबंदात दरवर्षी अडखळतो. किट्रेज आणि बंगाली यांनी हा अडखळणारा खर्च आधी धरला व मग दगडविटांचा विचार केला.

पेस्तनजी होरमसजी कामा यांनी रुग्णालयासाठी प्रथम एक लाख रुपये देऊ केले व पुढे त्यात भर घातली. लाखाचे मोल त्या काळी काय होते, हे वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. पण रकमेपेक्षा मोठी होती ती अट : रुग्णालयाचा कारभार स्त्री डॉक्टरांच्याच हाती असला पाहिजे. देणगीदाराच्या अटी बहुधा आपल्या नावाच्या अक्षरांविषयी असतात. ही अट रुग्णाच्या लाजेविषयी होती. नोव्हेंबर १८८३ मध्ये कोनशिला बसविली गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस डॉ. एडिथ पेची मुंबईस आल्या. एडिनबरो विद्यापीठाशी झगडून वैद्यकीय शिक्षणाचा हक्क मागणाऱ्या पहिल्या सात स्त्रियांपैकी त्या एक. त्यांनी प्रथम जाफर सुलेमान यांच्या नावाच्या दवाखान्यात काम सुरू केले आणि १८८६ मध्ये कामा रुग्णालय उघडताच तेथील सूत्रे हाती घेतली. पारशी दात्याचे रुग्णालय, मुसलमान दात्याच्या नावाचा दवाखाना, अमेरिकन चिटणीस आणि सर्व जातींच्या रुग्ण स्त्रिया. आपली संस्था आपल्याच ज्ञातीपुरती ठेवावी की नाही, यावर ज्या सभांत अजूनही तास तास खर्च होतात, त्यांना हा जुना दाखला पुरेसा व्हावा.

योजनेचे चौथे अंगही फळास आले. १८८३ मध्ये मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रियांना प्रवेश मिळाला. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्या, ११ मार्च १८८६ रोजी पदवीधर झाल्या आणि कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाचे काम हाती घेण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने निवर्तल्या. त्यांचे चरित्र सर्वांना ठाऊक आहे. परंतु आनंदीबाईंचे अपुरे राहिलेले कार्य ज्या स्त्रीने प्रत्यक्षात चालविले, त्या डॉ. रखमाबाईंची आठवण फारशी काढली जात नाही.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. वयाच्या अकराव्या वर्षी लग्न झाले, पण त्या माहेरीच राहिल्या. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाचनाची गोडी लागली. १८८४ साली पती दादाजी भिकाजी यांनी त्यांना नांदावयास आणण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. रखमाबाईंनी नकार दिला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. अपिलानंतर मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी पतीच्या घरी जा अथवा सहा महिने तुरुंगवास भोगा, असे फर्माविले. बावीस-तेवीस वर्षांच्या त्या मुलीने तुरुंगाची तयारी दर्शविली. ‘केसरी’सह अनेक वृत्तपत्रांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठविली. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन प्रकरण आपसात मिटले. मुलीच्या देहाला वयाचे संरक्षण असावे की नसावे, हा वाद त्या खटल्याने देशभर पेटविला आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने ती मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली. बारा! आज हा आकडा वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या वेळी तो अतिरेक वाटला होता.

या काळात रखमाबाईंच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या मोजक्या व्यक्तींत डॉ. पेची होत्या. म्हणजे रुग्णालय काढणारे हात आणि छळातून सोडविणारे हात एकच होते. स्त्रीचे आरोग्य व स्त्रीची सुरक्षितता ही दोन वेगळी खाती नव्हेत, हे त्या पिढीला अनुभवाने कळले होते. स्नेह्यांच्या मदतीने रखमाबाई लंडनला गेल्या, वैद्यकीय पदवी घेऊन १८९४ मध्ये परतल्या आणि १८९५ पासून सुरतेच्या स्त्री-रुग्णालयात रुजू झाल्या.

सुरत म्हणजे आपल्या कितीतरी घराण्यांचे मूळ गाव. जरीचे, कापडाचे, जवाहिराचे शहर. तेथे रुग्णालय होते, खाटा होत्या, डॉक्टर होती. फक्त बाळंतपणासाठी कोणी येत नव्हते. रुग्णालयात बाळंत होणे अपशकुनाचे, तेथून जिवंत बाहेर पडता येत नाही, अशी समजूत. यावर रखमाबाईंनी केलेला उपाय त्यांच्या चरित्रात सांगितला जातो. त्यांनी एक गाभण शेळी रुग्णालयात आणून ठेवली. शेळी सुखरूप व्याली. करडे आवारात बागडू लागली आणि ती पाहून गावातील बायाबापड्यांची भीती हळूहळू गेली. व्याख्याने, पत्रके, सभा या सर्वांहून एका शेळीने अधिक काम केले. पुढे प्लेगच्या साथीतही रखमाबाई सुरत सोडून गेल्या नाहीत. बावीस वर्षांच्या सेवेनंतर त्यांनी राजकोट येथे स्त्रियांच्या रुग्णालयाचे काम पाहिले. १९५५ साली, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्याच प्लेगात पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी रुग्णांची शुश्रूषा केली. सावित्रीबाईंना त्यातच संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. यशवंत हा त्याच बालहत्या प्रतिबंधक गृहात आश्रयास आलेल्या विधवेचा मुलगा. ज्याला जन्मताच संपविले गेले असते, तो डॉक्टर झाला.

सुरतेच्याच एका जैन घराण्याने याच सुमारास आपल्या समाजात पाऊल उचलले. मुंबईस जवाहिराच्या व्यापारात नाव मिळविलेले दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांना वसतिगृहांचे जनक म्हणून आपण ओळखतो. त्यांची कन्या मगनबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या. वडिलांनी त्यांना कोपऱ्यात बसविले नाही. शास्त्राभ्यास करविला, प्रवासास बरोबर नेले. मगनबाईंनी पुढे श्राविकाश्रमाचे कार्य उभारले आणि समाजातील निराधार भगिनींना निवारा, शिक्षण व पोटापुरते कसब देण्यात आयुष्य वेचले. सोलापुरात पद्मश्री सुमतीबाई शहा यांनी हीच परंपरा शाळा-महाविद्यालयांपर्यंत नेली. व्यापारी घरात विधवेला उपाशी ठेवीत नसत, हे खरे. पण तिच्या नावावर काही ठेवीतही नसत. आजारी पडल्यास औषधाला कोणापुढे तरी हात पसरावा लागे. श्राविकाश्रमाने तिला प्रथम स्वतःची कमाई दिली, ही त्या कार्याची बाजू गौरवग्रंथांत फारशी येत नाही.

धोंडो केशव कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चा. पुण्याचे सेवासदन २ ऑक्टोबर १९०९ चे. रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनी सेवासदनातून विधवांना ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठविण्यास आरंभ केला, तेव्हा कुलीन घरची बाई परक्यांच्या जखमा धुणार म्हणून गहजब झाला. आज महाराष्ट्रातील रुग्णालये ज्यांच्या जिवावर चालतात त्या परिचारिकांच्या पेशाला येथील घरांत प्रतिष्ठा मिळण्याची ती सुरुवात होती.

स्वातंत्र्यानंतर सरकारी आरोग्य केंद्रे निघाली, विश्वस्त संस्थांसाठी १९५० चा कायदा झाला आणि वैद्यकीय साहाय्य हे धर्मादाय कार्य म्हणून कायद्याने मान्य झाले. रुग्णालये वाढली. पण सुरतेची शेळी जे सांगून गेली ते पुन्हा शिकावे लागले. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड येथे कार्य सुरू केले, तेव्हा गावोगावच्या अल्पशिक्षित व निरक्षर स्त्रियांनाच त्यांनी आरोग्य-कार्यकर्त्या म्हणून तयार केले. गावातील बाई ज्या गोष्टी डॉक्टरला सांगत नाही त्या शेजारणीला सांगते, एवढ्या साध्या निरीक्षणावर ते कार्य उभे राहिले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतील स्त्रियांची घरोघर पाहणी व तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तपासलेल्या साडेसहाशे स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्यापूर्वी कधीही तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या. गाव रोज पाहत होते, रोज बोलत होते, आणि शंभरांतील ब्याण्णव बायका गप्प राहून सोसत होत्या. शहरातील सुखवस्तू घरांत हे प्रमाण तितके नसेल. पण लग्नाचा शालू निवडताना चार दुकाने पालथी घालणाऱ्या घरातही सासूच्या गाठीची तपासणी दिवाळीनंतर, मग लगीनसराईनंतर, मग चातुर्मासानंतर अशी पुढे ढकलली जाते, हे कोण नाकारील?

सुरक्षिततेच्या बाजूने १९७२ चे मथुरा प्रकरण निर्णायक ठरले. विदर्भातील देसाईगंज येथे पोलीस ठाण्यातच एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. पुढे सर्वोच्च न्यायालयात आरोपी सुटले, देशभर स्त्री-संघटना उभ्या राहिल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. १९८४ पासून टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने पीडित स्त्रियांसाठी विशेष कक्ष चालविला. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्यात संरक्षण अधिकाऱ्याची तरतूद आहे आणि छळ झालेल्या स्त्रीला त्याच घरात राहण्याचा हक्क आहे. आपल्या समाजात असे वाद पंचांकडे आणि वडीलधाऱ्यांकडे जातात. त्यात पुष्कळदा दोन्ही घरांची अब्रू वाचते. मुलीचा जीव वाचला की नाही, याची नोंद पंचांच्या वहीत नसते.

नोंदींचा विषय निघालाच आहे, तर जनगणनेच्या एका नोंदीपाशी थांबणे भाग आहे. २००१ च्या जनगणनेतून भारत सरकारने प्रथमच धर्मनिहाय तपशीलवार आकडे प्रसिद्ध केले. जैन समाजाची साक्षरता ९४.१ टक्के, स्त्रियांची साक्षरता ९०.६ टक्के, देशातील सर्व प्रमुख समाजांत सर्वांत वर. या आकड्यांचा उल्लेख त्यानंतरच्या बहुतेक अधिवेशनांत झाला. त्याच तक्त्यात आणखी एक स्तंभ होता. शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलग्यांमागे जैन मुली होत्या ८७०. संपूर्ण देशाचे प्रमाण होते ९२७. प्रमुख समाजांत आपल्याहून खाली एकच समाज होता.

हे प्रमाण अज्ञानाने घडत नाही. सोनोग्राफीच्या यंत्रापर्यंत पोहोचावयास पैसा लागतो आणि त्याचा गैरवापर करावयास ओळख लागते. महाराष्ट्राने गर्भलिंग निदानाविरुद्ध १९८८ मध्येच, देशात प्रथम, कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. मुंगी चिरडू नये म्हणून जमीन झाडून पाऊल टाकणाऱ्या, सूर्यास्तानंतर पाणीही न घेणाऱ्या परंपरेत जन्मलेल्या समाजाच्या नावापुढे ८७० हा आकडा कसा आला, याचा जाहीर विचार फार थोड्या व्यासपीठांवर झाला. ज्या साध्वींनी व मुनिराजांनी प्रवचनांतून हा विषय स्पष्ट शब्दांत मांडला, त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु प्रवचन ऐकून घरी गेलेल्या सुनेला, घरातील दडपणाविरुद्ध कोणाकडे जावे, हा प्रश्न उरतोच. फुले दांपत्याच्या घराला तेव्हा दार होते, आणि त्या दाराचा पत्ता भिंतीवर लावलेला होता.

आपल्या संस्थांच्या अहवालांत जीर्णोद्धार, भोजनशाळा, शिष्यवृत्ती यांची खाती स्वतंत्र असतात. औषधोपचाराचे खाते असते, पण त्यात स्त्रियांवर किती खर्च झाला हे वेगळे दाखविण्याची पद्धत नाही. गोपनीयता राखून सल्ला देणाऱ्या स्त्री डॉक्टरचे अथवा समुपदेशिकेचे मानधन हे शीर्षक तर क्वचितच दिसते. पांजरापोळासाठी मालावर लागा बसविणाऱ्या महाजनांना नियमित उत्पन्नाचे महत्त्व पुरते कळत होते. बोलीच्या उत्साहातून कळस चढतो. दर महिन्याच्या एक तारखेचा पगार मात्र कायम निधीच्या व्याजातूनच निघतो.

२०११ च्या जनगणनेत जैन बालकांतील प्रमाण ८८९ झाले. दहा वर्षांत एकोणीसची वाढ. त्याच काळात देशाचे प्रमाण घटले असताना ही सुधारणा झाली, ही समाधानाची बाब आहे. मात्र महाराष्ट्राचे सर्वसाधारण प्रमाण २००१ मधील ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ पर्यंत घसरले. २०२१ ची जनगणना लांबणीवर पडली आणि नव्या जनगणनेची संदर्भ-तारीख १ मार्च २०२७ ठरविण्यात आली. त्या दिवशी शून्य ते सहा वयोगटात मोजली जाणारी बालके मार्च २०२० नंतर जन्मलेली असतील. त्यांतील पुष्कळ आज पाठशाळेच्या पहिल्या वर्गात णमोकार मंत्र पाठ करीत आहेत, आणि हजेरीपुस्तकात मुलांची व मुलींची नावे स्वतंत्र लिहिलेली आहेत.